उसन्या आवाजातला मुक्काम

फेब्रुवारी २०११ मध्ये ‘यक’ या लंडनच्या बँडचा पहिला अल्बम आला. बँडचं नाव तेच अल्बमचं नाव. त्या वेळची परीक्षणं आज वाचायला घेतली, तर बहुतेकांत गाण्यांपेक्षा याद्याच जास्त सापडतात. हे गाणं डायनासोर ज्युनिअरच्या वळणाचं, ते टीनएज फॅनक्लबच्या, पलीकडचं यो ला टेंगोच्या. अधूनमधून पेव्हमेंट, सॉनिक यूथ, माय ब्लडी व्हॅलेंटाइन. गंमत अशी, की ज्यांना अल्बम आवडला त्यांचीही यादी हीच आणि ज्यांनी नाकं मुरडली त्यांचीही हीच. पहिल्यांच्या मते पोरांचे कान तयार होते, दुसऱ्यांच्या मते पोरांकडे स्वतःचं असं काही नव्हतं.

पुढच्या पानांत या अल्बममधल्या बारा गाण्यांवर बारा टिपणं आहेत. ती वाचताना ही यादी दर वेळी मध्ये कडमडू नये, म्हणून तिचा हिशेब इथेच करून टाकावा असा माझा बेत आहे. साधर्म्य नाकारण्यात अर्थ नाही, ते कोणालाही ऐकू येतं. मला कुतूहल आहे ते वेगळ्या गोष्टीचं. नव्वदच्या दशकातला हा आवाज दोन विशीतल्या मुलांनी मिळून उचलला. पण एकाला त्यात घर सापडलं आणि दुसऱ्यानं तिथे फक्त मुक्काम केला. हे कळायला पुढची दहा-बारा वर्षं जावी लागली. अल्बम ऐकताना मात्र, आता सगळं माहीत असल्यामुळे, ते पहिल्या गाण्यापासून जाणवत राहतं.

ही दोन मुलं म्हणजे डॅनियल ब्लुमबर्ग आणि मॅक्स ब्लूम. दोघंही उत्तर लंडनची. शाळेत असतानाच ती ‘केजन डान्स पार्टी’ नावाच्या बँडमध्ये होती. शाळकरी बँडच्या नशिबी सहसा वार्षिक स्नेहसंमेलन असतं. यांना एक्सएल ही वजनदार रेकॉर्ड कंपनी मिळाली. ‘द कलरफुल लाइफ’ हा त्यांचा अल्बम एप्रिल २००८ मध्ये आला. निर्माता होता बर्नार्ड बटलर, म्हणजे ‘स्वेड’चा पहिला गिटारवादक. अल्बम चकचकीत, उत्साही, व्हायोलिन आणि कीबोर्डनं सजवलेला. ब्रिटिश संगीत-साप्ताहिकांनी पाठ थोपटली आणि थोड्याच दिवसांत सगळं ओसरलं. अठराव्या वर्षी ‘उद्याचे तारे’ म्हणून मिरवून विसाव्या वर्षी नव्यानं सुरुवात करायची वेळ आलेल्या या मुलांच्या मनात काय चाललं असेल, त्याचा अंदाज ‘यक’ ऐकताना येतो. आधीच्या अल्बममध्ये गायकाचा आवाज सगळ्यात पुढे होता. इथे तो गिटारच्या मागे जाऊन उभा राहिला आहे.

नव्या बँडमध्ये बेस गिटारवर हिरोशिमाची मारिको दोई आली आणि ड्रमवर न्यू जर्सीचा जॉनी रोगॉफ. ब्लुमबर्गची बहीण इलाना काही गाण्यांत आवाज देत होती. जाहिरात देऊन, चाचण्या घेऊन निवडलेली ही मंडळी वाटत नाहीत. ओळखीतून ओळख निघत जमलेली वाटतात. रोगॉफची दाट कुरळ्या केसांची मोठी छत्री तेव्हाच्या प्रत्येक छायाचित्रात बाकी तिघांपेक्षा आधी नजरेत भरते.

आता ‘नव्वदचा आवाज’ म्हणजे नेमकं काय, हे पाहायला हवं. बोलताना आपण तो एकच असल्यासारखं म्हणतो, पण यादीतली नावं नीट पाहिली तर त्यांच्यात फारसं साम्य नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या अॅमहर्स्टचा डायनासोर ज्युनिअर कानठळ्या बसवणारा आणि त्यात गायक जे मॅस्किस झोपेतून उठल्यासारखा गाणारा. कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटनचा पेव्हमेंट तिरकस, मुद्दाम ढिला. ग्लासगोजवळच्या बेल्सहिलचा टीनएज फॅनक्लब गोड सुरावटींचा आणि तिघा-तिघांनी मिळून गाण्याचा. माय ब्लडी व्हॅलेंटाइनच्या ‘लव्हलेस’मध्ये तर गिटार आहे की वारा, हेच काही जागी कळत नाही. तो अल्बम १९९१ चा, नोव्हेंबरमधला. त्यावर अडीच लाख पौंड उडाले आणि क्रिएशन ही कंपनी बुडता बुडता वाचली अशी कथा आहे. बँडचा प्रमुख केविन शील्ड्स याला तो आकडा मान्य नाही. पेव्हमेंटचा पहिला अल्बम ‘स्लँटेड अँड एन्चांटेड’ याउलट त्यांच्या ड्रमरच्या घरातल्या स्टुडिओत झाला आणि १९९२ मध्ये बाहेर आला. इतक्या वेगळ्या लोकांना एका पंगतीत बसवणारी गोष्ट शैलीत शोधली तर सापडत नाही. ती सापडते हत्यारांत.

फेंडर कंपनीनं १९५८ मध्ये ‘जॅझमास्टर’ नावाची गिटार काढली. नावाप्रमाणे ती जॅझवाल्यांसाठी होती, पण जॅझवाल्यांनी तिला विचारलं नाही. सर्फ संगीतवाल्यांनी ती काही वर्षं वाजवली, मग मागणी आटत गेली आणि १९८० च्या सुमाराला कंपनीनं ती बनवणंच बंद केलं. अशा गिटार मग जुन्या बाजारात, गहाणवटीच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागल्या. ज्यांच्या खिशाला स्ट्रॅटोकॅस्टर परवडत नव्हती, त्यांनी त्या उचलल्या. सॉनिक यूथनं उचलल्या, मॅस्किसनं उचलल्या, शील्ड्सनं उचलल्या. या गिटारला एक लांब दांडी असते. ती दाबली की सगळ्या तारा एकदम सैल होतात आणि सूर घसरतो. शील्ड्स ती दांडी हातातून न सोडताच तारा छेडतो; ‘लव्हलेस’मधलं ते समुद्र लागल्यासारखं डोलणं त्यातून येतं. पेडलचीही तीच गोष्ट. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं ‘बिग मफ’ हे फझ पेडल सत्तरच्या दशकात खपलं, ऐंशीच्या दशकात कंपनी बंद पडली आणि जुनी पेडलं पडत्या भावात फिरू लागली. ज्याला आज आपण एका पिढीचा सौंदर्यविचार म्हणतो, त्याचा बराचसा भाग टाकून दिलेल्या मालावर उभा आहे.

फझ करतो काय, हे एकदा समजून घेतलं की या संगीतातली निम्मी कोडी सुटतात. गिटारची तार छेडली की पहिला ठोका मोठा असतो आणि मग आवाज झपाट्यानं विरत जातो. फझ पेडल आधी त्या विजेच्या लहरी प्रचंड फुगवतं आणि मग ठरावीक उंचीवर त्यांचे शेंडे छाटून टाकतं. सुरुवातीचा मोठा ठोका छाटला जातो. मागचा विरणारा आवाज फुगून त्याच उंचीला येतो. मग सूर मरत नाही, लांबत राहतो. त्याच वेळी मूळ लहरीत नसलेले वरचे कितीतरी स्वर त्यात उगवतात, म्हणून आवाजाला ती खरखर आणि जाडी येते. पाच-सहा तारांचा पूर्ण कॉर्ड अशा पेडलमधून घातला तर चिखल होतो, म्हणून वाजवणारे दोन-तीन तारांवर भागवतात. आणि सूर लांबवता येतो म्हणून गिटार गळ्यासारखी आलाप घेऊ शकते. गाण्याचं काम गिटारनं उचललं की गायकावरचा भार उतरतो. त्यानं नुसतं पुटपुटलं तरी चालतं. मॅस्किसचं ते आळसावलेलं गाणं याच व्यवस्थेत शक्य झालं. लाजाळू माणसाला रॉक बँडचा गायक होण्याची मुभा या आवाजानं दिली, हे माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी बोललं गेलेलं काम आहे.

‘यक’च्या दोघांनी यादीतून उचललं ते मुख्यतः हेच. आडोसा.

इथे मराठी वाचकासाठी थोडं थांबायला हवं. नव्वदचं दशक आपल्याकडेही आलं होतं, पण ते वेगळ्या दारातून. १९९१ मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही घरात आला, पुढे चॅनल व्ही आला. निर्वाणा, पर्ल जॅम यांची गाणी डोंबिवलीत आणि कोथरूडमध्ये टीव्हीवर दिसू लागली. मुंबईत रंगभवनला ‘इंडिपेंडन्स रॉक’ला तोबा गर्दी व्हायची, पण तिथला मामला मुख्यतः हार्ड रॉक आणि हेवी मेटलचा. टीनएज फॅनक्लब किंवा पेव्हमेंटच्या कॅसेट आपल्या दुकानांच्या फळ्यांवर सहसा दिसत नसत. अमेरिकेत ‘स्पिन’ मासिकानं १९९१ चा सर्वोत्तम अल्बम निवडताना निर्वाणाच्या ‘नेव्हरमाइंड’ला बाजूला सारून टीनएज फॅनक्लबच्या ‘बँडवॅगनेस्क’ला मान दिला होता, हेही इथे अनेकांना पंधरा-वीस वर्षांनी कळलं. इंटरनेटचा वेग वाढल्यावर आपल्याकडच्या बऱ्याच लोकांनी हे दशक उलट्या क्रमानं, तुकड्यातुकड्यांनी ऐकलं. १९९० मध्ये जन्मलेल्या ब्लुमबर्गनंही ते तसंच ऐकलं. या बाबतीत लंडनचा पोरगा आणि आपण एकाच बाकावर बसलेले होतो, आणि म्हणूनच मला हा अल्बम मराठीत लिहिण्याजोगा विषय वाटतो.

अर्थात त्याला एक सोय होती जी आपल्याला नव्हती. ही सगळी म्हातारी मंडळी त्याच्या शहरात परत वाजवायला येऊ लागली होती. डायनासोर ज्युनिअरचे मूळचे तिघं २००५ मध्ये एकत्र आले. माय ब्लडी व्हॅलेंटाइननं २००८ च्या जूनमध्ये लंडनला राउंडहाउसमध्ये कार्यक्रम केले. पेव्हमेंट २०१० मध्ये पुन्हा जमला. जुना अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत जसाच्या तसा वाजवायचा, अशी ‘डोन्ट लुक बॅक’ नावाची मालिकाच लंडनमध्ये २००५ पासून सुरू झाली होती. तिकडे फेंडरनं २००७ मध्ये मॅस्किसच्या नावाची आणि २००९ मध्ये सॉनिक यूथच्या दोघा गिटारवादकांच्या नावांची जॅझमास्टर बाजारात आणली. परवडत नाही म्हणून उचललेल्या गिटारवर आता सही आणि चढी किंमत होती.

नेमक्या २०११ मध्येच इंग्लिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांचं ‘रेट्रोमेनिया’ हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की लोकप्रिय संगीताला स्वतःच्या भूतकाळाचं व्यसन लागलं आहे आणि हा भूतकाळ दिवसेंदिवस जवळचा होत चालला आहे. यूट्यूबसारख्या कोठारात सगळं एकाच वेळी हाताशी असेल, तर नवं घडवायची निकड उरत नाही. पुस्तक हुशार आहे आणि त्यातली बरीच निरीक्षणं आजही लागू पडतात. पण एक गोष्ट त्यात मला नेहमी खटकते. जुन्याची ओढ म्हणजे आठवणीची ओढ, असं ते पुष्कळदा गृहीत धरतं. ‘नेव्हरमाइंड’ आला तेव्हा ब्लुमबर्ग दीड वर्षाचा होता. त्याला त्या काळाची आठवण असण्याचा प्रश्नच नाही. त्याच्या दृष्टीनं तो आवाज जुना नव्हता, नुसता उपलब्ध होता.

शिवाय नकलेचा आरोप आपल्या कानांना जरा परकाच वाटायला हवा. कुमार गंधर्व लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून त्या हुबेहूब गाऊन दाखवत आणि लोक तोंडात बोटं घालत. ती नक्कल होती, आणि ती नक्कल आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे देवधर मास्तरांकडची तालीम, मग आजारपण आणि देवास, आणि त्यानंतरचं गाणं आपल्यासमोर आहे. आपल्या परंपरेत हा रस्ता बदनाम नाही. रॉकमध्ये मात्र पहिल्याच अल्बममध्ये माणसानं स्वयंभू असावं अशी अपेक्षा असते. ती अपेक्षा मला कधीच कळलेली नाही. बीटल्सच्या पहिल्या अल्बममधली चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती.

तर आता प्रत्यक्ष अल्बमकडे. तो ध्वनिमुद्रित झाला मॅक्स ब्लूमच्या आईवडिलांच्या घरी. बटलरसारख्या कसलेल्या निर्मात्याच्या हाताखाली पहिला अल्बम करून झाल्यावर ही मुलं घरातल्या खोलीत परतली, हे महत्त्वाचं. घरच्या ध्वनिमुद्रणात ड्रम मोठ्या स्टुडिओसारखे गडगडत नाहीत, झांजांची किणकिण बाकी सगळ्यावर पसरते, आवाजाभोवती मोकळी हवा कमी असते. या उणिवांवर ‘यक’नं रंग चढवलेला नाही. ब्रिटनमध्ये तो मर्क्युरीच्या मार्गानं आला आणि अमेरिकेत फॅट पॉसमकडून. फॅट पॉसम ही मिसिसिपीतल्या ऑक्सफर्डची कंपनी. नव्वदच्या दशकात तिनं आर. एल. बर्नसाइड, ज्युनिअर किम्ब्रो अशा साठी ओलांडलेल्या ब्लूज गायकांना ध्वनिमुद्रित करून नाव कमावलं. लंडनच्या मध्यमवर्गीय मुलांना तिथे आसरा मिळावा, हा संगीताच्या धंद्यातला एक गमतीदार योगायोग.

पहिलं गाणं ‘गेट अवे’. हे एकच गाणं ऐकून अल्बम घ्यायचा की ठेवायचा हे ठरवता येतं. खाली फझमध्ये बुडालेली गिटार ताल धरून असते. तिच्यावर दुसरी गिटार स्वर ओढत, वाकवत एक धून म्हणते. ब्लुमबर्गचा आवाज येतो तो स्वच्छ येत नाही, तोही किंचित फाटलेला, जणू त्याच पेडलमधून काढलेला. शब्द अर्धेमुर्धे कळतात. धून मात्र पहिल्या ऐकण्यातच डोक्यात बसते, आणि ती गळ्यातली आहे की गिटारमधली हे नंतर आठवून सांगता येत नाही. मघाशी म्हटलेली अदलाबदल ती हीच. हेडफोनवर ऐकलं तर एक गोष्ट आणखी लक्षात येते: सगळा गोंगाट असूनही कुठलंच वाद्य दुसऱ्याच्या अंगावर धावून जात नाही. डायनासोर ज्युनिअरच्या जुन्या अल्बममध्ये बेस, ड्रम आणि गिटार यांच्यात अक्षरशः मारामारी ऐकू येते. त्या तिघांचं आपसांत पटत नव्हतं हे सर्वश्रुत आहे. ‘यक’मध्ये मारामारी नाही. आवाज तोच, स्वभाव सौम्य. यादी करणाऱ्यांनी हा फरक नोंदवला असता तर बरं झालं असतं.

‘शुक डाउन’ आणि ‘सुइसाइड पोलिसमन’ ही त्या सौम्यपणाची उघडी रूपं. दुसऱ्याचं नाव वाचून दचकायला होतं, पण गाणं काळजी घेणाऱ्याच्या बाजूनं आहे आणि त्याची चाल जवळजवळ अंगाईच्या चालीची आहे. ‘जॉर्जिया’त भाऊ आणि बहीण एकत्र गातात. दोघांपैकी कोणीच पुढे यायला तयार नाही, त्यामुळे एक तिसराच, धड पुरुषाचा नाही आणि धड बाईचा नाही असा आवाज तयार होतो. माझ्या मते हे अल्बममधलं सगळ्यात नेटकं गाणं. ‘संडे’ त्याच्या जवळपास जातं. ‘होलिंग आउट’ आणि ‘ऑपरेशन’ ही जोरकस गाणी. मैफलीत ती चांगली वाजत असणार, घरी मी ती क्वचितच मुद्दाम लावतो.

अल्बमची कमजोर बाजू लपवायचं कारण नाही. ‘सक’ आणि ‘स्टटर’ ही दोन संथ गाणी पाठोपाठ येतात आणि तिथे अल्बम बसकण मारतो. शब्दांचं म्हणाल तर ते बहुधा प्रेम, एकटेपणा आणि निघून जाण्याची इच्छा यांच्याच भोवती फिरतात आणि कुठल्याच रस्त्याचं, दुकानाचं, माणसाचं नाव घेत नाहीत. हा अल्बम येण्याच्या दोन-तीन महिने आधी, २०१० च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, ब्रिटनमधले विद्यार्थी फीवाढीविरुद्ध लंडनच्या रस्त्यांवर उतरले होते. विद्यापीठांच्या फीची मर्यादा वर्षाला नऊ हजार पौंडांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला होता. ज्यांच्या डोक्यावर हा बोजा पडणार होता त्यांच्याहून ‘यक’ची मुलं वयानं काही फार मोठी नव्हती. अल्बममध्ये त्याचा मागमूस नाही. प्रत्येक गाण्यानं मोर्चात जायला हवं असं मी म्हणत नाही. पण १९९१ च्या आवाजात शिरलं की २०१० चं शहर बाहेर राहतं, ही या आडोशाची किंमत आहे आणि ती त्यांनी मोजली.

आणि मग ‘रबर’. बारावं, शेवटचं, सात मिनिटांचं. ढोबळमानानं सांगायचं तर या गाण्यात काहीच घडत नाही. ड्रम अतिशय संथ. दोन-चार कॉर्ड, तेही फिरून फिरून तेच. आवाज सुरुवातीपासूनच खोल गेलेला, आणि दर आवर्तनात गिटारचा आणखी एक थर त्याच्यावर चढतो. अर्ध्यावर येईपर्यंत शब्द ऐकू येणं बंद होतं, फक्त कोणीतरी गातं आहे एवढं कळतं. पुढे तेही कळेनासं होतं. आधीच्या अकरा गाण्यांत आडोसा म्हणून वापरलेली गोष्ट इथे माणसाला गिळून टाकते. हे गाणं चांगलं की कंटाळवाणं यावर वाद होऊ शकतो. याच पुस्तिकेतल्या शेवटच्या टिपणात माझ्याशी न जुळणारं मत सापडेल. पण इथे पहिल्यांदा असं वाटतं, की खोलीतल्या एकाला गाणं बांधण्यापेक्षा नुसत्या ध्वनीत जास्त रस आहे. चाल, अंतरा, पुन्हा चाल, या मांडणीचा त्याला कंटाळा आला आहे.

तो एक म्हणजे ब्लुमबर्ग, हे पुढे सिद्ध झालं. २०११ मध्येच त्यानं ‘ओपा’ या नावानं एक वेगळा, शांत अल्बम काढला होता. एप्रिल २०१३ मध्ये तो ‘यक’मधून बाहेर पडल्याचं जाहीर झालं. त्याच वर्षी ‘हेब्रोनिक्स’ या नावानं त्याचा एक अल्बम आला, आणि मग तो पूर्व लंडनमधल्या डाल्स्टनच्या ‘कॅफे ओटो’ या छोट्याशा जागेत रमला. तिथे मुक्त वादन करणारे लोक येतात. आधी काही ठरलेलं नसतं, एकमेकांचं ऐकत वाजवायचं. त्याचा ‘मायनस’ हा अल्बम म्यूट कंपनीनं २०१८ मध्ये काढला. त्यानंतर चित्रपट. ब्रॅडी कॉर्बेट यांच्या ‘द ब्रुटलिस्ट’चं संगीत त्यानं केलं. त्यात तेव्हा ऐंशीच्या घरात असलेले पियानोवादक जॉन टिलबरी आहेत, सॅक्सोफोनवर इव्हान पार्कर आहेत. आणि २ मार्च २०२५ रोजी ब्लुमबर्गनं त्या संगीतासाठी ऑस्कर घेतलं. व्यासपीठावरून बोलताना त्यानं तडजोड न करता वर्षानुवर्षं वाजवत राहिलेल्या संगीतकारांच्या वतीनं ते स्वीकारत असल्याचं सांगितलं. ‘गेट अवे’चा गायक तो हाच, हे त्या रात्री कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं असणार.

मॅक्स ब्लूम मात्र थांबला. बँड मोडला नाही. गाण्याची जबाबदारी स्वतःकडे घेऊन त्यानं २०१३ मध्ये ‘ग्लो अँड बिहोल्ड’ काढला आणि २०१६ मध्ये ‘स्ट्रेंजर थिंग्ज’. या दुसऱ्याचं नशीब बघा: अल्बम फेब्रुवारीत आला आणि जुलैत त्याच नावाची नेटफ्लिक्सवरची मालिका. त्यानंतर इंटरनेटवर त्या अल्बमचा शोध घेणं म्हणजे शिक्षाच. २०२१ मध्ये ‘यक’ संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा फारसा गाजावाजा झाला नाही.

आता या दोन वाटा समोर ठेवून निकाल द्यायचा मोह होतो, आणि ऑस्करनंतर बहुतेकांनी तो दिलाही. ब्लुमबर्ग वाढला, ब्लूम अडकला. नव्वदचा आवाज म्हणजे पोरवय, शहाण्यानं त्यातून बाहेर पडावं. मला हे मान्य नाही. ब्लुमबर्गचं आजचं संगीत मला मोलाचं वाटतं. पण ‘ग्लो अँड बिहोल्ड’मधलं ‘रीबर्थ’ हे गाणं नीट ऐकलं, तर तिथे माय ब्लडी व्हॅलेंटाइनची छाप पहिल्या अल्बमपेक्षा जास्त गडद आहे, आणि तरीही गाणं मोकळं आहे. पहिल्या अल्बममध्ये ज्या गिटारच्या मागे लपायचं होतं, तिच्या शेजारी ब्लूम इथे आरामात उभा आहे. त्याला कुठे जायचं नाही. आवाज उसना आहे याची त्याला खंत नाही आणि फुशारकीही नाही. इतक्या वर्षांत तो त्याचा झाला आहे.

म्हणून पुढच्या टिपणांत जिथे जिथे ‘हे ब्लुमबर्गचं’ आणि ‘हे ब्लूमचं’ अशी वाटणी केलेली दिसेल, तिथे वाचकानं जरा सावध असावं. गाणी दोघांनी मिळून केलेली आहेत. ‘रबर’मधल्या ध्वनीच्या वेडात ब्लूमच्याही गिटारचा हात आहे, आणि ‘जॉर्जिया’च्या नेटक्या चालीत ब्लुमबर्गचाही गळा. मारिको दोई आणि जॉनी रोगॉफ यांच्या वाट्याला मात्र या पुस्तिकेतही हवी तेवढी जागा आलेली नाही. ‘रबर’ सात मिनिटं उभं राहतं ते रोगॉफनं लय एवढी संथ ठेवूनही सुटू दिलेली नाही म्हणून, आणि ‘गेट अवे’त फझच्या खाली सूर कुठला आहे हे सांगणारा एकमेव आवाज दोईच्या बेसचा आहे. अल्बम दुसऱ्यांदा ऐकाल तेव्हा गिटारकडे अजिबात लक्ष देऊ नका.